पुण्यात घटस्फोटाच्या वकिलाची पहिली भेट: काय विचारतात, किती मागतात, कशावर सही करायची नाही

फोनवर कन्सल्टेशनचे पंधराशे सांगितले होते आणि अर्ध्या तासानंतर टेबलावर आकडा होता पंचवीस हजार, तो पण "आज भरले तर". परवाचीच गोष्ट आहे, डोकं अजून भणभणतंय, पण ज्यांची अपॉइंटमेंट याच आठवड्यात आहे त्यांच्यासाठी लगेच लिहितेय.

लग्नाचं सर्टिफिकेट, आधार, मुलांचे जन्मदाखले, पगाराच्या स्लिपा हे सगळं तुम्ही नेणारच असं धरून चालते. फक्त झेरॉक्सच द्या, ओरिजिनल कुणाच्याही फायलीत सोडू नका. शिवाजीनगरला गाडी नेऊ नका, मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरा.

सुरुवात ठीक होती. ज्युनिअर मुलीने लग्नाची तारीख, कधीपासून वेगळे राहताय, शेवटी एकत्र कुठे राहत होतात, मुलं कुणाकडे, हे सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग वकील सर आले. मी सांगितलं की दोघांची तयारी आहे, परस्पर संमतीने करायचंय, मारहाण वगैरे काही नाही. तर म्हणाले, "ताई, आज हो म्हणतोय, उद्या फिरेल. आधी प्रेशर टाकू. डीव्ही, पोटगी, ४९८ सगळं एकदम टाकलं की बघा कसा सेटलमेंटला येतो." (डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचाराची केस, ४९८ म्हणजे नवरा-सासरच्यांनी छळ केल्याची फौजदारी केस.) तेवढ्यात शेजारी बसलेली आई रडायला लागली आणि त्या रडण्यावरच त्यांनी "मानसिक छळ, लिहून घे गं" सुरू केलं. म्हणून सांगते, घरच्यांना बाहेर बसवा, कितीही वाईट वाटलं तरी. वकिलाला जे सांगाल ते गुप्त ठेवायला तो कायद्याने बांधील असतो, आईसमोर मात्र तुम्ही निम्मं गिळाल.

जिचा खरंच छळ झालाय तिने केस जरूर टाकावी, ते कायदे तिच्यासाठीच आहेत. पण न घडलेलं लिहायला सांगणाऱ्या वकिलाकडून उठून यायचं. शपथपत्रावर सही तुमची असते, त्याची नसते. आणि सर ज्याला ४९८ म्हणत होते ते ४९८-अ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय.

नवरा फिरू शकतो हे मात्र खरंय, घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून पैसे, मुलांचा ताबा, भेटीचे दिवस सगळं संमतीच्या अटींमध्ये लेखी हवं, खोट्या केसेस हा त्यावरचा उपाय नाही.

आता वकालतनामा, म्हणजे वकिलाला तुमच्या वतीने केस चालवायचा अधिकार देणारा कागद. छापील फॉर्म पुढे सरकवला, सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या, पण कोर्टाचं नाव कोरं, केसचा प्रकार कोरा, समोरच्या पार्टीचं नाव कोरं, आणि खाली कोर्टाचे अर्ज ज्यावर टाइप करतात ते दोन पूर्ण कोरे हिरवे लेजर पेपर. "फॉर्मॅलिटी आहे ताई, तुम्हाला परत यायचा त्रास नको." कोऱ्यावर सही नाही म्हणजे नाही! मी पेन खाली ठेवलं आणि घरी विचारून सांगते म्हटलं, तर सरांचा आवाजच बदलला.

फीचं ऐका. पंचवीस हजार अ‍ॅडव्हान्स, प्रत्येक तारखेचे वेगळे, टायपिंग-झेरॉक्स वेगळं, आणि वर एकरकमी पोटगी मिळेल त्यातले दहा टक्के. हे टक्केवारीचं प्रकरण बार काउन्सिलच्या नियमांत चालतच नाही, निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला वकिलांना बंदी आहे. तोंडावर सांगा, गप्प होतात. आणि फी थकली म्हणून तुमची कागदपत्रं अडवूनही ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय.

नंतर ज्या दुसऱ्या वकीलबाईंकडे गेले त्या नीट होत्या, फी कागदावर लिहून दिली, संपलं. त्यांच्याकडून कळलेलं कामाचं तेवढं सांगते. संमतीच्या अर्जाआधी (हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब) एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, पण वेगळं म्हणजे वेगळं घरच असं नाही, एका छताखाली नवरा-बायको म्हणून राहत नसाल तरी चालतं. अर्जानंतरचे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून, पण तुम्ही बराच काळ वेगळे असाल, सगळे वाद मिटले असतील आणि परत जमायची शक्यता नसेल तरच, आणि ते कोर्टाच्या हातात आहे, म्हणून "महिन्यात करून देतो, गॅरंटी" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. लग्न लातूरला झालं म्हणून लातूरच्या चकरा मारायची गरज नाही, बायको अर्ज करत असेल तर ती सध्या राहते तिथेही करता येतो. फॅमिली कोर्टात समुपदेशक दोघांना बोलावतात, घाबरू नका. पोटगीचा विषय असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं (२०२० चा निकाल), त्यामुळे बँक स्टेटमेंट, एफडी, ईएमआय सगळं काढून ठेवा, आणि स्त्रीधनाची (लग्नात वगैरे तुम्हाला मिळालेले दागिने-वस्तू) यादी फोटो-बिलांसकट.

पैसेच नसतील तर बायकांसाठी सरळ रस्ता आहे आणि हे मला त्या सरांच्या ऑफिसात कुणीच सांगितलं नाही याचाच सगळ्यात जास्त संताप आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. ऑफिस शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टातच आहे. अर्ज घेऊन तिथे आधी जा, प्रायव्हेट वकील नंतर बघा.

कन्सल्टेशनचे पैसे यूपीआयने द्या, कॅश मागितली तर पावतीशिवाय देऊ नका.