दोन उशा

मार्च महिना होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक जोरात होती, आणि तिथलेच एक हमाल मामा आमच्या वॉर्डात. वय ५६. छातीत दुखायला लागल्यावर पित्त असेल म्हणून त्यांनी सात-आठ तास अंगावर काढले होते. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त घ्यायला गेले, तर मामा उठून बसलेले. “ताई, आज सोडत्यात न्हवं? सौदे चालू हायती.”

ट्रोपोनिन उतरणीला लागलं होतं. घरच्यांनी तेवढंच ऐकून पिशवी भरून ठेवली होती. पण हृदयाचा स्नायू मेला की ट्रोपोनिन रक्तात येतं, पहिल्या दिवसात चढतं, मग आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस हळूहळू उतरतं. किती स्नायू गेला ते त्यावरून कळतं. उरलेल्या हृदयाला भार पेलवतोय का, ते एनटी-प्रोबीएनपी या रक्तातल्या दुसऱ्या घटकावरून कळतं. पंपावर ताण आला, भिंत ताणली गेली की ते वाढतं. सरांनी ती टेस्ट लिहिली ती रात्रपाळीच्या सिस्टरमुळे. मामा दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नाहीत, हे तिनं टिपून ठेवलं होतं. पंप कमी पडला की सपाट झोपल्यावर दम लागतो.

आकडा आला ७,२४०. या वयात ९०० च्या वर गेला तरी हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडत असल्याचा, संशय बळावतो. मशीन तपासायला सकाळी लावलेले कंट्रोल बरोबर होते, तरी मी सॅम्पल पुन्हा लावलं. जवळजवळ तेवढाच. किडनी बिघडली असली तरी हा आकडा फुगतो, म्हणून क्रिएटिनिन पाहिलं: १.१, नॉर्मल. मग मात्र रिपोर्ट छापून यायची वाट न बघता वॉर्डात फोन लावला.

फुफ्फुसांच्या तळाशी पाणी होतं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग बरंच कमी, ३५ टक्के. डिस्चार्ज थांबला, लघवी होऊन पाणी उतरायची इंजेक्शनं सुरू झाली. मुलगा चिडला, बिल वाढवायला ठेवून घेताय म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर चालतेबोलते वडील होते. मी त्याला लॅबच्या दारात उभं राहून दोन्ही रिपोर्ट समजावले.

सहाव्या दिवशी आकडा २,९०० वर आला. उपचारानं तो तीस टक्क्यांहून जास्त उतरणं हे चांगलं लक्षण. मामांना सांगितलं.

“सात हजारावरनं तीन हजार? हळदीचा दर आसा पडला तर शेतकरी मरंल की.”

“तुमचा पडू दे, मामा.”

आदल्या रात्री ते एका उशीवर झोपले होते. सिस्टरनं मला सकाळीच सांगितलं होतं.