नॉव्हेलनं आयपीएक्स सोडलं तेव्हा

नव्वदच्या दशकात ऑफिसातला फाइल सर्व्हर म्हटलं की नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर. त्याचा प्रोटोकॉल (मशीननी एकमेकांशी बोलायचे नियम) घरचा, आयपीएक्स. वापरायला फार सोपा: नेटवर्क क्रमांक आपोआप कळायचा, उरलेला पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक, म्हणजे कार्डात आधीच असलेला क्रमांक. हातानं काही भरायचंच नाही.

इंटरनेटच्या आयपी प्रोटोकॉलवर चालावं म्हणून नॉव्हेलनं आधी काढलेल्या नेटवेअर/आयपीत आयपीएक्सचं पॅकेट यूडीपीत (आयपीवरच्या साध्या पाकिटात) गुंडाळलेलं असे. १९९८ च्या नेटवेअर ५ नं मात्र आयपीएक्सशिवाय थेट आयपीवर, ५२४ पोर्टवर (सेवेच्या ठरलेल्या दार-क्रमांकावर) काम सुरू केलं. माझ्या मते कंपनीचं खरं धाडस हेच.

अडायचं ते सेवा शोधताना. जुन्या सॅपमध्ये, म्हणजे आयपीएक्सच्या सेवा जाहीर करायच्या पद्धतीत, प्रत्येक सर्व्हर दर ६० सेकंदांनी आपल्या सेवा सगळ्यांना ओरडून सांगे. शाखांमधली मंद लाइन त्यातच भरून जाई. त्याजागी एसएलपी हा आयपीवर सेवा शोधायचा प्रोटोकॉल आला, पोर्ट ४२७, मल्टिकास्टवर, म्हणजे ऐकणाऱ्या गटाला एकदम पाठवून. आता राउटर मल्टिकास्ट पुढे सोडत नसेल, तर पिंग (सर्व्हरपर्यंत पोहोचतंय का ही चाचणी) चालतं पण शाखेतल्या मशीनला ट्री, म्हणजे नॉव्हेलची सर्व्हर आणि वापरकर्त्यांची यादी, सापडत नाही. अशा वेळी नावाऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता देऊन लॉगिन करून बघायचं. जमलं, तर दोष बहुधा एसएलपीत. उपाय म्हणजे सेवांची नोंद ठेवणारा डिरेक्टरी एजंट उभा करायचा, त्याचा पत्ता डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेच्या) ७८ क्रमांकाच्या पर्यायातून आणि स्कोप, म्हणजे सेवांच्या गटाचं नाव, ७९ मधून द्यायचा. स्कोपचं नाव एजंटकडे आणि मशीनकडे तंतोतंत एकच हवं, नाहीतर पुन्हा तीच रड.

पुढे २००३ मध्ये नॉव्हेलनं लिनक्सवर काम करणारी झिमियन कंपनी घेतली, लिनक्सवाल्या सुसेचा सौदा जाहीर केला, आणि २००५ च्या ओपन एंटरप्राइज सर्व्हरमध्ये याच सेवा लिनक्सवरही चालू लागल्या.