टेकडीचं पक्षीपान: लांडोर हिंदी का झाली, याचा छडा लागला

लागला एकदाचा छडा! वेब फॉन्ट (पानाबरोबरच वाचकाकडे जाणारा फॉन्ट) चढवल्यापासून पानावरचा प्रत्येक ल आणि प्रत्येक श हिंदी वळणाचा दिसत होता. आता क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आणि फोनवर, तिन्हीकडे अक्षरं मराठी झाली आहेत. पानाची रचना तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, त्यामुळे ती परत सांगत नाही: पुण्याच्या वेताळ टेकडीवरचे पक्षी, एकच टेबल, हाताने लिहिलेलं एचटीएमएल, जावास्क्रिप्ट शून्य.

आधी एक छोटा आनंद. टेबलाच्या खाली निरीक्षणाचे नियम आहेत, त्यांचे आकडे इंग्रजी येत होते. मी ते हाताने टाइप करायच्या बेतात होते. तेवढ्यात कळलं की सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या भाषेत) लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ अशी किंमत चक्क आहे. एक ओळ लिहिली आणि ओएलचे, म्हणजे क्रमवार यादीचे, आकडे १, २, ३ झाले. मधला एखादा नियम काढला तरी क्रम आपोआप जुळतो. ज्यांनी आपापल्या पानांवर आकडे हाताने कोंबलेत त्यांनी आजच बदलून टाका.

आता मुख्य दुखणं. वेब फॉन्ट कशाला हवा होता, हे काही जणांनी विचारलं होतं. माझ्या लिनक्सवर पान एक दिसतं, ऑफिसातल्या विंडोजवर दुसरं, फोनवर तिसरं. कुठे वेलांटीचं टोक कापलं जातं, कुठे ओळी एकमेकींवर चढतात. लाइन-हाइट १.७ केल्यावर ओळींचं भांडण मिटलं, पण अक्षरांचं वजन (जाडी) सगळीकडे सारखं दिसेना. म्हणून नोटो सॅन्स देवनागरी घेतला. त्याचं लायसन्स मोकळं आहे, फॉन्ट कापून, म्हणजे लागतील तेवढीच अक्षरं ठेवून, वापरता येतो. न कापता वापरला तर एका वजनाची फाइल माझ्या अख्ख्या साइटपेक्षा जड भरते. कापणं भागच होतं. त्यासाठी एक ऑनलाइन साधन वापरलं: फाइल चढवा, भाषेवर टिचकी मारा, वॉफ-टू (वेबसाठीची दाबलेली फॉन्ट फाइल) उतरवून घ्या. दोन मिनिटांचं काम, फाइल एकदम हलकी, मी खूश.

मग आत्याचा फोन. ती निवृत्त शिक्षिका आहे आणि पानाची पहिली वाचकही. म्हणाली, “अगं, तुझी लांडोर हिंदी झाली की! आणि शिक्रासुद्धा.” मी बघितलं तर खरंच. ल ला उजवीकडे उभा दंड, श ला डोक्यावर गाठ. आपला ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही हीच मराठीची रूपं आहेत. दंडाचा ल वाचता येत नाही असं थोडंच आहे, पण शिंपी, शिंजीर, शिक्रा, लालबुड्या बुलबुल, लांडोर अशी नावं एकाखाली एक लागली की पान परक्या छापखान्यातून आल्यासारखं दिसतं.

ज्यांना हा भाग नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिकोडमध्ये ल एकच आहे. मराठीसाठी वेगळा आणि हिंदीसाठी वेगळा असा संकेतांक नाही. फॉन्टच्या पोटात मात्र दोन चित्रं असू शकतात. कुठलं दाखवायचं ते ब्राउझर ठरवतो, आणि त्यासाठी तो एचटीएमएल टॅगवरचा लँग हा गुणधर्म बघतो. तिथे मराठीसाठी एमआर लिहिलं की ब्राउझर फॉन्टला विचारतो, “मराठीसाठी तुझ्याकडे काही वेगळं आहे का?” फॉन्टमध्ये त्यासाठी एलओसीएल नावाची सोय असते. नोटोमध्ये ती आहे.

माझ्या पानावर लँग एमआर पहिल्या दिवसापासून आहे. त्यामुळे पहिला संशय असा आला की मध्येच कुठल्या तरी टॅगवर दुसरी भाषा बसली आहे आणि टेबल तिचीच भाषा उचलतंय. हे तपासायची युक्ती मला फार आवडली, म्हणून इथे देते. सीएसएसमध्ये :लँग(एमआर) असा निवडक (सिलेक्टर) लिहायचा आणि रंग लाल करायचा; बाकीच्यांना, म्हणजे :नॉट(:लँग(एमआर)) ला, काळा द्यायचा, नाहीतर आतले टॅग बाहेरचाच लाल उचलतात. जे लाल होईल ते ब्राउझरच्या मते मराठी. मी केलं, तर लांडोरीसकट अख्खं टेबल लाल. फक्त शास्त्रीय नावं काळी राहिली, कारण त्यांच्या आय टॅगवर लॅटिनसाठी एलए घातलेलं आहे. म्हणजे ब्राउझरला भाषा नीट कळली होती.

मग सीएसएसमधला वेब फॉन्ट बोलावणारा फॉन्ट-फेसचा तुकडा कॉमेंट करून (तात्पुरता बंद करून) टाकला. पान लिनक्सच्या स्वतःच्या फॉन्टवर गेलं आणि ल लगेच पाकळ्यांचा झाला. तुकडा परत उघडला, तर दंड हजर. आता बोट फॉन्टकडेच जात होतं. पण इथेच गोची होती. जोडाक्षरं एकदम शाबूत. ‘शिक्रा’मधला क्र बरोबर, ‘लालबुड्या’मधला ड्या बरोबर, रफार जागच्या जागी. जोडाक्षरं लागतात ती फॉन्टमधल्या जीसब या तक्त्यामुळे, आणि एलओसीएलसुद्धा त्याच तक्त्यात राहतं. तक्ता गेला असता तर सगळे पाय मोडलेले दिसले असते. ते दिसत नव्हते, म्हणून फॉन्ट निर्दोष वाटत होता आणि मी परत सीएसएसकडे वळत होते.

सीएसएसमध्ये जे जे सुचलं ते केलं. फॉन्ट-फीचर-सेटिंग्जमध्ये एलओसीएल मुद्दाम चालू केलं. काही नाही. फायरफॉक्समध्ये फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड असा एक गुणधर्म चालतो. त्यात एमएआर लिहिलं की पानाची भाषा काहीही असो, फॉन्टला मराठीचीच आज्ञा जाते. (लँगमध्ये एमआर आणि इथे एमएआर. दोन वेगळ्या समित्यांची दोन वेगळी संक्षिप्त रूपं. एकाचं दुसऱ्याच्या जागी टाकून बघू नका.) तरी ल ढिम्म. मात्र हा नकारच कामाला आला. एवढी थेट आज्ञा देऊनही फॉन्ट मराठी चित्र देत नसेल, तर ते चित्र त्याच्याकडे नाही किंवा तिथवर जायची वाट बुजली आहे. ब्राउझर आणि सीएसएस दोघंही सुटले.

मग एक चाचणीपान केलं. दोनच ओळी, मजकूर तोच, “लाल शाल”. एकीवर लँग एमआर, दुसरीवर हिंदीचं एचआय. आधी मूळ, न कापलेली टीटीएफ फाइल लावून बघितली, तर दोन ओळींत ल आणि श वेगवेगळे. मग कापलेला वॉफ-टू लावला, दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या. असं पान प्रत्येकाने फॉन्ट बदलताना एकदा करून बघावं. दहा ओळींचं एचटीएमएल आहे, आणि ज्याने एवढंसं पान लिहिलं तो लँग आयुष्यभर विसरणार नाही.

शेवटचं उत्तर फॉन्ट उघडल्यावरच मिळालं. फॉन्टटूल्स हा पायथनचा संच आहे, त्यात टीटीएक्स नावाची आज्ञा आहे. ती फॉन्टमधला हवा तो तक्ता वाचता येईल अशा मजकुरात ओतून देते. मूळ आणि कापलेल्या अशा दोन्ही फाइलींचा जीसब ओतला आणि शेजारी शेजारी ठेवला. मूळ फाइलीत देवनागरी लिपीच्या खाली एक सर्वसाधारण विभाग आहे आणि मग भाषांचे खास विभाग, त्यात एमएआर. कापलेल्या फाइलीत फक्त सर्वसाधारण विभाग. भाषांचे विभाग साफ उडवलेले! जोडाक्षरांचे नियम सर्वसाधारण विभागात, म्हणून ते वाचले. मराठीचा ल मात्र मराठीच्याच विभागात, म्हणून तो गेला. फाइल हलकी होण्यात याचाही थोडा वाटा होता.

त्या ऑनलाइन साधनाबद्दल माझं मत आता स्वच्छ आहे: रोमन लिपीसाठी खुशाल वापरा, देवनागरीसाठी नको. त्यात ‘देवनागरी’वर टिचकी मारायची सोय आहे, पण देवनागरी म्हणजे नुसता संकेतांकांचा पट्टा असं त्याने गृहीत धरलेलं आहे. त्यापेक्षा आज्ञा टाइप करायची काळी खिडकी (टर्मिनल) बरी.

फॉन्टटूल्समध्येच पायएफटीसबसेट ही आज्ञा आहे, कापायचं काम आता तिच्याकडे दिलं. संकेतांकांत ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पूर्ण पट्टा घेतला, रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं घेतली. शिवाय २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी चिन्हं. ती मोडलेला पाय आणि अर्धी अक्षरं मुद्दाम दाखवायला लागतात, त्यांना गाळू नका. लेआउट-फीचर्सच्या पुढे तारका, म्हणजे सगळी वैशिष्ट्यं ठेव. फ्लेवर वॉफ-टू, त्यासाठी ब्रॉटली हे मॉड्यूल आधी बसवावं लागतं. एंटर दाबलं, चाचणीपान ताजं केलं, आणि पहिल्या ओळीत पाकळ्यांचा ल, दुसऱ्या ओळीत दंडाचा. फाइल आधीच्यापेक्षा थोडी जड झाली, पण मूळच्या तुलनेत अजून किरकोळच. हे वजन मी आनंदाने वाहीन.

सर्व्हरवर चढवून आत्याला फोन केला, तर म्हणाली, “माझ्याकडे अजून हिंदीच आहे गं.” हे मात्र लगेच कळलं. नाव तेच असल्यामुळे तिच्या फोनने जुनी फाइल साठवलेलीच वापरली होती. फॉन्टच्या नावाला ‘-२’ जोडलं, सीएसएसमधला दुवा बदलला, काम झालं. तिने शिक्रा, शिंपी, शिंजीर तिन्ही तपासले, आणि मग तिसऱ्या रांगेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दाखवली. ती दुरुस्त केली आहे.

खरं तर या वेळी फोटोंबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पिक्चर टॅग, लहान स्क्रीनला लहान फोटो, वगैरे. पण चाचणीपानावर दोन ल एकाखाली एक बघताना वेगळंच डोक्यात आलं. टेकडीवर येणाऱ्यांत हिंदी बोलणारे बरेच असतात आणि ते हिंदी नावं विचारतात. टेबलात हिंदी नावांचा एक स्तंभ घातला, त्याच्या प्रत्येक टीडीवर (टेबलातल्या चौकटीवर) लँग एचआय लिहिलं, तर? मराठी स्तंभात ‘लालबुड्या बुलबुल’, शेजारी ‘गुलदुम बुलबुल’. तोच ‘बुलबुल’, तेच संकेतांक, पण एका रांगेत दोन वळणांचे ल. लगेच पाच रांगांवर करून बघितलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. फोटो आता पुढे ढकलले. काहींनी मागे सुचवलं होतं की टेबल मोडून डिव्हची कार्डं कर, फोनवर छान दिसतात. माझं उत्तर तेच, आता जास्त ठाम: नावांचे तीन स्तंभ शेजारी शेजारी वाचायचे असतील तर ते टेबलच आहे. फोनवर टेबल आडवं सरकू दे, त्याला ओव्हरफ्लो-एक्स पुरतं.

या स्तंभाचा आणखी एक फायदा म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं लँग बघून आवाज बदलतात. फोनवर मराठी आणि हिंदी असे दोन्ही आवाज असतील तर प्रत्येक नाव आपापल्या भाषेत ऐकू यायला हवं. हे अजून ऐकून बघायचं आहे.

आणि हो, शास्त्रीय नावांना तिरपं करायला आय टॅग आहे तो ठीक, पण टिपांच्या स्तंभात जोर द्यायला ईएम टॅग वापरला की देवनागरी अक्षरंही ढकलून तिरपी होतात आणि विचित्र दिसतात. आपल्या लिपीला इटॅलिक नाहीच. देवनागरीतल्या ईएमसाठी फॉन्ट-स्टाइल नॉर्मल आणि वजन ६०० अशी ओळ घातली, बरं दिसतं. त्यासाठी ६०० वजनाचा फॉन्टही कापावा लागला, नाहीतर ब्राउझर अक्षरं स्वतःच फुगवतो आणि अनुस्वार भरून जातात.

आता नवीन कटकट: टिपांच्या स्तंभात ‘झाडोऱ्यात’ हा शब्द बऱ्याचदा येतो, आणि ब्राउझरच्या शोधाला त्यातले निम्मेच सापडतात. कारण उघड आहे. काही टिपा मित्रांनी पाठवल्या आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या कीबोर्डवर ऱ्य मधला अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने होतो, तर काहींच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि ते न दिसणारं २००डी मिळून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, संकेतांक वेगळे. ‘ॲ’चंही तसंच, कुणी एकसंध टाइप करतं, कुणी अ वर चंद्र ठेवतं. मजकूर एका साच्यात आणायला एडिटरमधलं शोधा-बदला पुरेल असं वाटतंय. नोटपॅड++ मध्ये न दिसणारी चिन्हं दाखवायची सोय आहे, ती चालू करून बघणार आहे. मी नुक्त्याचा ऱ प्रमाण धरायचं ठरवलंय. कुणाचं म्हणणं उलट असेल तर कारणासकट सांगा, कारण एकदा बदललं की मागे फिरायला कंटाळा येईल.

मथळ्यांसाठी अजून एक जाड, थोडा खेळकर फॉन्ट शोधतेय. कुणी मोकळ्या लायसन्सचा देवनागरी फॉन्ट वापरत असाल, तर आधी टीटीएक्सने त्याचा जीसब ओता, एमएआर विभाग आहे का बघा आणि मगच नाव सुचवा.