तुम्ही विचारलंत म्हणून: एका दिवसाच्या जलोत्सवानं काय होतं?

२२ मार्चचा जलदिन जवळ आला की हा प्रश्न येतोच. पालक विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात, वर्गणी देणारेही विचारतात: एक दिवस मैदानात मांडव घालून मुलं पाणी जपायला शिकतात का हो? आजवर मी विषय बदलत आले. आता सांगते.

शिकतात. मात्र आपण शिकवू तेच शिकतात असं नाही.

‘भूजल’ हा शब्द वर्गात परीक्षेपुरता राहतो. उत्सवात आम्ही काचेच्या टाकीत खडी-वाळूचे थर रचतो, पाणी ओततो, दोन नळ्या खुपसतो आणि मुलांना सिरिंजनं उपसायला लावतो. खोल नळीतून जोरात उपसलं की शेजारची उथळ नळी कोरडी पडते. ‘अरे, माझं पाणी त्यानं ओढलं!’ असं एखादं पोर ओरडतं, तेव्हा मला पुढे काही समजावावं लागत नाही. म्हणून मी उत्सव सोडत नाही.

आता ज्याबद्दल मी बोलत नाही, ते.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे पाणी वाहण्याची शर्यत असायची. भरलेली बादली घेऊन मैदानाच्या टोकाला जायचं, आधी पोचेल तो जिंकला. पाचवीतली एक मुलगी रांगेतून बाहेर आली, झाडाची पानं असलेली डहाळी तोडली, बादलीत तरंगत सोडली आणि मग उचलली. खांदा किंचित कलता, दुसरा हात लांब, पावलं छोटी. बाकीची मुलं धावली. त्यांच्या बादल्या हिंदकळत होत्या, पायाखाली चिखल झाला होता, सगळे टाळ्या पिटत होते. ती शेवटी पोचली. पाण्याची पातळी होती तिथेच होती.

बक्षीस मी दिलं, अर्धी बादली सांडून पहिल्या आलेल्या मुलाला. ती बादली खाली ठेवून बघत होती. नंतर ते सगळं पाणी तिनं त्याच झाडाच्या मुळाशी ओतलं आणि मांडवातून निघून गेली. ती रोज घरचं पाणी भरते, हे मला तिच्या वर्गशिक्षिकेकडून दोन दिवसांनी कळलं.

खेळ आहे, एवढं मनाला काय लावून घ्यायचं, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं. चूक होतं ते. पाणी वाचवा म्हणत मी पाणी सांडणाऱ्याला उचलून धरलं होतं, आणि तेही दीडशे मुलांसमोर.

तुमचा दुसरा आक्षेपही मला ठाऊक आहे. जगात माणूस उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के गोडं पाणी शेतीला जातं. मग दात घासताना नळ बंद करा, हे मुलांना सांगून काय मिळणार? खरं आहे. ज्यांच्या घरी नळच नाही, त्यांना तर ते सांगताना माझी जीभ अडखळते. तरी सांगते, कारण नळ असलेली मुलंही समोर बसलेली असतात.

शर्यतीचा नियम मी बदलला. आता पोचलेलं पाणी मापानं मोजतो. पाणी हिंदकळू नये म्हणून डहाळी टाकायची, हेही शिकवते. पहिली दोन वर्षं ती युक्ती माझीच असल्यासारखी सांगितली. ती मुलगी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. मीही तिला कधी बोलावलं नाही.