बरं आहे म्हटलं, तेच नडलं

मंगळवार, रात्री

विमा कंपनीच्या माणसाचा आज परत फोन. "ताई, पाय कसाय आता?" तोंडापर्यंत आलेलं 'बरं आहे' गिळलं आणि म्हटलं, "वकिलांशी बोला." एवढं बोलायला मला पाच महिने लागले.

पहिल्यांदा आला तेव्हा प्लास्टर निघून चारच दिवस झाले होते. टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरनं बघितलं नाही आणि माझा उजवा घोटा चाकाखाली. पोलिसांचा अपघात अहवाल टेम्पोच्या विमा कंपनीकडे जातो, त्यातून पत्ता मिळाला असणार. माणूस अगदी गोड. चप्पल बाहेर काढून आला, देवाला नमस्कार केला. चहा झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "चहा ताईंनीच केला वाटतं?" केला होता जाऊबाईंनी, पण मी हसले फक्त. "कसं वाटतंय?" "बरं आहे आता." आपल्याकडे स्मशानातून आलेला माणूसही बरं आहे म्हणतो!

तो लिहीत होता, मी सही केली. वाचलं नाही. माझा गाढवपणा.

वकिलांनी परवा त्याची प्रत दाखवली. 'सदर जखमी पूर्णपणे बरी असून घरातील दैनंदिन कामे स्वतः करते.' माझ्या एका हसण्याचं केवढं वाक्य झालं.

मग 1 लाख 10 हजारांचा आकडा आला, सोबत 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' अशा सहीचा कागद. हे म्हणाले, घेऊन टाकू, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार. मलाही पटत होतं. वकिलांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. वय 43, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीनं धरायची तो आकडा, 14. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला (2009). शिवणाचे महिन्याला 12 हजार धरले तर वर्षाचे 1 लाख 44 हजार, गुणिले 14 म्हणजे 20 लाख 16 हजार. डॉक्टर अंदाजे 15 टक्के अपंगत्व म्हणतात. तेवढंच धरलं तरी 3 लाखांच्या वर, औषधपाणी वेगळं. शिवाय राजकुमार खटल्यात (2011) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की डॉक्टरांची टक्केवारी वेगळी आणि कमाईवरचा परिणाम वेगळा. माझं मशीन पायडलचं. बसून कारकुनी करणाऱ्याचा घोटा आणि माझा घोटा एक कसा?

कमाईचा पुरावा काय, तर मापांची वही. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं माप, शिलाई, टाचलेला कापडाचा तुकडा. कोपऱ्यात हळदीचे डाग. वकिलांनी ती कोर्टाच्या कागदासारखी दोन्ही हातांनी घेतली, मला उगाच लाज वाटली.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत भरपाईच्या अर्जाला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घातलीय. म्हणजे माझ्याकडे 23 दिवस. 'साहेब ठरवतायत, थोडं थांबा' असं तो दर आठवड्याला का सांगत होता, ते आज कळलं. वाईट माणूस नसेल, नोकरी करतोय. पण त्याची नोकरी माझ्या पायावर चाललीय.

संध्याकाळी मशीनवर बसून बघितलं. एक बाही जोडून झाली आणि घोट्याजवळ बोट रुतेल इतकी सूज. वरच्या काकूंच्या भाचीचं लग्न तोंडावर आलंय. त्यांचे सहा ब्लाउजपीस पिशवीत भरून ठेवलेत. उद्या तसेच परत द्यायचे.