कलाजत्रेच्या मैदानावर, चित्रांच्या आधी

टेम्पो पहाटे मैदानावर पोचतो तेव्हा समोर फक्कीच्या रेघा आणि गाळ्यांचे आकडे, एवढंच असतं. उघड्यावरच्या कलाजत्रांबरोबर फिरताना गावं बदलतात, पण पहिलं काम बदलत नाही: टेप काढून रेघा तपासायच्या. तंबू तीन मीटर बाय तीन मीटरचा. चारही बाजू बरोबर भरल्या तरी चौकोन तिरका असू शकतो, म्हणून कर्ण मोजायचे. दोन्ही 4.24 मीटर आले तर ठीक. प्रत्येक गाळ्यात चार बोटं वाढली की विसावा गाळा जवळजवळ दीड मीटर सरकलेला असतो, आणि तिथे नेमकी आगीच्या बंबाची वाट असते.

टेम्पोत माल उलट्या क्रमाने भरलेला असतो. चित्रं खोल आत, वजनं आणि सांगाडा दाराशी. हे चुकलं तर उघड्या मैदानावर चित्रं धुळीत टेकवून वजनं शोधत बसावं लागतं.

वजनांबाबत आम्ही हट्टी आहोत. कनाती लावलेला तंबू म्हणजे चार पायांवरचं शीड. ताशी 40 किलोमीटरचा वारा उभ्या कापडावर चौरस मीटरमागे सात-आठ किलोचा जोर लावतो. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच कनातीवर हा जोर पंचेचाळीस किलोच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. शिवाय छताखाली शिरलेली हवा तंबू वर उचलते ती वेगळीच. म्हणून प्रत्येक पायाला किमान वीस किलो, टोकाच्या गाळ्याला त्याहून जास्त. वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरलेला असेल तरच वीस किलोचा. रात्रीत गळून अर्धा झालेला कॅन नुसती समजूत घालतो. वजन जमिनीवर ठेवायचं आणि पट्टा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणायचा. लोंबतं सोडलेलं वजन झोके घेऊन पाय वाकवतं. खुंट्या ठोकायच्या तर आधी जमिनीखालच्या वायरी आणि पाइप कुठून जातात ते विचारून घ्यावं, आणि पावसाने भिजलेल्या मातीतल्या खुंटीवर भिस्त ठेवू नये.

छताचं कापड सुरुवातीलाच ताणून घ्यावं. सैल पडलेल्या चौरस मीटरभर खोलगट जागेत सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचलं तरी पन्नास किलो होतात, आणि सांगाडा मधल्या सांध्यातून मुरगळतो. खालून झाडूने पाणी ढकलताना शेजाऱ्याच्या गाळ्याकडे एकदा बघावं. मैत्र्या इथेच तुटतात.

मग चित्रं टांगायचे जाळीचे पडदे. चित्राला एकच हूक लावला तर वाऱ्याने ते कलतं. दोन हूक घालायचे आणि खालची कडही जाळीला बांधायची. दुपारी तीनला ऊन कुठल्या बाजूला येणार, हे सकाळीच ठरवून त्या बाजूला कागदावरची कामं टाळायची. काचेमागचा कागद तापला की त्यातला ओलावा सुटतो, काच आतून धुरकटते आणि कागदाला लाटा येतात. ॲक्रिलिक रंगांचं दुखणं वेगळं. ते उष्णतेने मऊ होतात, आणि बंद टेम्पोत बबल रॅप थेट रंगावर टेकला असेल तर गोल ठसे कायमचे उमटतात. मध्ये ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद हवा, आणि फुगे बाहेरच्या बाजूला.

रात्री कनाती चारही बाजूंनी पूर्ण बंद. एक बाजू उघडी राहिली की वारा आत शिरून छत फुगवतो. जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर चित्रं उतरवून लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवायची, कारण ताडपत्रीखालूनही ओल चढते.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना एकदमच गाड्या आत आणायच्या असतात आणि वाट तुंबते. आधी चित्रं बांधून व्हावीत, मगच गाडी बोलवावी. उतरवताना क्रम असा: चित्रं, जाळ्या, कनाती, छत, आणि सर्वांत शेवटी वजनं. घाईत लोक नेमकी वजनंच आधी गाडीत टाकतात, छत अजून वर असतं, आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत पुरतो.