शिंगमोडा बैल

आम्हाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात मात्र मी अजून तलाठीच आहे आणि मरेपर्यंत राहीन. लोकांना वाटतं तलाठी म्हणजे सातबारा, फेरफार आणि गारपीट झाली की पंचनामे. निवडणूक लागली की यातलं सगळं बाजूला पडतं. मग मी बीएलओंचा, म्हणजे एकेका मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्यांचा, पर्यवेक्षक. आमच्याकडच्या बीएलओ म्हणजे बहुतेक अंगणवाडी सेविका, पोषण आहाराची खिचडी गॅसवर ठेवून मतदार शोधत हिंडणाऱ्या.

2024 च्या लोकसभेआधी वरून यादी आली. शंभरी ओलांडलेल्या प्रत्येक मतदाराच्या घरी जा, माणूस हयात आहे का पाहा, वयाची खात्री करा, अहवाल द्या. देशभरात असे 2 लाख 18 हजार मतदार यादीत होते, त्यातले तीन माझ्या वाट्याला. पहिले आजोबा चार वर्षांपूर्वीच वारलेले. दुसरा मतदार एकतीस वर्षांचा निघाला, कोणीतरी 1993 चं 1893 करून ठेवलेलं. तो हसला आणि ऑटो घेऊन स्टँडवर गेला.

तिसरी आजी. यादीप्रमाणे वय 118.

गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठावर. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्यात. म्हातारी माणसं पलीकडच्या मुलखाला अजून मोगलाई म्हणतात, कारण 1948 पर्यंत तिकडे निजामाचं राज्य होतं. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगितलं.

घरावर फ्लेक्स होता. आजीचा फोटो, शेजारी हात जोडलेले एक पुढारी, वर मोठ्या अक्षरात ‘118 वा वाढदिवस’. तारीख अर्थातच 1 जानेवारी. या देशात कागदावर माणसं दोनच दिवशी जन्मतात. आधारवाली 1 जानेवारीला आणि शाळेत गुरुजींनी नाव घातलेली 1 जुलैला. नातू भला माणूस, पन्नाशीतला. त्याला विचारलं, 118 आलं कुठून? तो म्हणाला, 2011 मध्ये गावात आधारचा कॅम्प लागला होता. ऑपरेटरनं वय विचारलं. “मी म्हनलं असन शंभर-पाच.” ऑपरेटरनं 105 टाकलं, मशीननं 1 जानेवारी 1906 केलं. बस. त्यानंतर बारा वर्षं कोणालाही यात काही विचारावंसं वाटलं नाही. मतदार यादीत तेच, रेशनला तेच, श्रावणबाळच्या पगाराला, म्हणजे म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनला, तेच. एका कार्यालयाची चूक दुसऱ्यानं उतरवून घेतली की तिला पुरावा म्हणतात.

मोबाइलवर बातम्या टाकणारा एक पोरगाही आधीच येऊन बसला होता. त्याला फ्रान्सच्या झान काल्माँ बाई माहीत होत्या. 1997 मध्ये वारल्या तेव्हा 122 वर्षं 164 दिवसांच्या, कागदानिशी सिद्ध झालेलं जगातलं सर्वांत मोठं आयुष्य. “चारच वर्षं राहिले, साहेब,” तो म्हणाला. मी म्हटलं, त्या बाईंच्या मागे जन्मनोंदीपासून एकामागून एक जनगणनेत नावानिशी नोंदी होत्या. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे खरं तर बरंच असतं, शोधायची तयारी हवी. जन्म-मृत्यूची कोतवाल पंजी असते, त्याच नोंदींचा 14 नंबरचा नमुना असतो, शाळेचं दाखल-खारीज असतं. फक्त जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात आणि पुढे ‘मुलगी’. नाव नाही, कारण बारसं होण्याआधीच कोतवाल नोंद देऊन मोकळा. त्यात आजीचं माहेर मोगलाईतलं, म्हणजे तीही नोंद आमच्या दप्तरात नाही. सासरच्या गावात ती पहिल्यांदा उगवते 1951 च्या नागरिक नोंदवहीत. मी आदल्या दिवशी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यातला बस्ता सोडून ती काढली होती. नवऱ्याचं नाव, खाली ‘बायको, वय 30’. त्या पानावरची बहुतेक वयं शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. 30 म्हणजे लिहिणाऱ्याला दारातून दिसलेली बाई, एवढाच त्याचा अर्थ.

118 मात्र मी तिथेच खोडून टाकलं होतं. आजीचा धाकटा मुलगा गावच्या शाळेत 1 जुलै 1964 या जन्मतारखेनं दाखल आहे. गुरुजींची तारीख, एखाददोन वर्षं इकडे-तिकडे. पण 1906 ची बाई 1964 मध्ये बाळंत होत नाही. एवढा हिशेब करायला तलाठी लागत नाही, पण बारा वर्षांत कोणी केला नाही हेही खरं.

आजी ओसरीवर गोधडीवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र चांगले. बोटांवरचे ठसे झिजून गुळगुळीत. पगार काढताना मशीन दर महिन्याला तिला नाकारतं.

“आजी, किती वर्षांच्या झाल्या तुम्ही?”

“मले काय माईत बापा. हे म्हनतेत एकशे अठरा. माह्या हिशेबानं पाच इसा असन. तू तलाठी हायेस, तूच पाह्य.”

पाच विसा म्हणजे शंभर. 118 तिनं स्वतः कधी म्हटलेलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात वय विचारायचं नसतं, घटना विचारायच्या असतात. बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण होतं, तुकडोजी महाराज गेले तेव्हा लेकरं केवढी होती. 1968 आणि 1972 तिला नीट सांगता आलं, पण त्यानं काही ठरत नव्हतं. मी मागे गेलो. मानमोडी आठवते का? 1918 च्या तापाला आमच्याकडे मानमोडी म्हणतात. वऱ्हाडात त्या सालात घरंच्या घरं बसली.

“माही माय मानमोडीतच गेली.”

मी सरळ बसलो. आई 1918 मध्ये गेली तर मुलगी त्याआधीची. म्हणजे निदान 105. मोबाइलवाल्या पोरानं लगेच कॅमेरा पुढे केला. माझ्याबरोबरची बीएलओ हळूच म्हणाली, “सर, इथं कोनत्याही साथीले मानमोडीच म्हनतेत.” तिचं म्हणणं बरोबर असू शकतं. अशा बायकांना आम्ही बैठकीत मागच्या खुर्चीवर बसवतो.

मग नातवानं पेटी आणली. लोखंडी, तळाला डांबरगोळ्यांचा वास. आत एक कागद, चौघडी, घड्यांवर फाटलेला. “हे कोनालेच वाचता येत नाई, सायेब. कोनी म्हने उर्दू हाये.”

छाप उर्दू होता, निजामाच्या स्टँपचा. मजकूर मोडी. आणि इथे मला थोडं मिरवू द्या, कारण माझ्या तालुक्यात मोडी वाचणारे आम्ही दोघंच आहोत आणि दुसरे निवृत्त झालेत. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात, मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. ‘ब’ आणि ‘व’ यांत वाचणाऱ्याची अक्कल लागते. कुणबी नोंदी शोधायची मोहीम 2023 मध्ये निघाली तेव्हा माझी कुठे थोडी किंमत झाली. त्याआधी साहेब म्हणायचे, जुन्या रद्दीत वेळ नका घालवू.

कागद कर्जरोख्याचा होता. आजीच्या बापानं सावकाराकडून 90 रुपये हाली घेतले, हाली म्हणजे निजामाचं नाणं. कारण ‘मुलींचे लग्नाकरिता’. साल 1339. हिजरी समजून वाचलात तर 1920-21 येतं. पण पुढे ‘फसली’ आहे, म्हणजे महसुली सालगणना. मोगलाईच्या फसलीत 590 मिळवायचे. ऑक्टोबर 1929 ते ऑक्टोबर 1930. साल बोलकं आहे. बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1 एप्रिल 1930 ला लागू होणार होता आणि त्याआधी देशभर लहानसहान पोरींची लग्नं उरकायची घाई उडाली होती. निजामाच्या मुलखाला तो कायदा नसला तरी नवरदेव नदीच्या अलीकडचे होते.

“मुलींचे, असं लिहिलंय,” मी म्हणालो. “दोघी होत्या?”

“मी अन् माही मोठी बाई. एकाच मांडवात उरकलं बापानं. मी मामाच्या खांद्यावर झोपली होती. अक्षदा डोयात गेल्या तवा उठली.”

मामाच्या खांद्यावर झोपणारी नवरी तीन-चार वर्षांची. मग जन्म 1926 च्या सुमाराचा, वय 98. आणि आई? मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की बापाला दोन बायका. पहिली मानमोडीत गेली, ती मोठ्या बहिणीची आई. बहीण ‘माय मानमोडीत गेली’ म्हणायची, धाकटीनंही तेच तोंडी बसवलं. सगळं जागेवर बसलं. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. म्हातारीची वीस वर्षं कमी केल्याचा आनंद कोणाला होतो? पण झाला.

नातवाचा चेहरा उतरला. “म्हंजे शंभरही नाई?” तो दारावरच्या फ्लेक्सकडे बघत होता. त्याचं नुकसान काही होत नव्हतं. 98 ला पगारही मिळतो आणि 85 च्या पुढचं घरून मतदानही. मोबाइलवाला पोरगा कॅमेरा बंद करून पाणी पिऊन निघून गेला.

आजीनं विचारलं, “कागदात आमचे नावं हायेत का?”

मी पुन्हा पाहिलं. शेताच्या चारी बाजूंचे खुंट होते, चतुःसीमा. पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचं शेत. तारण दिलेला बैल होता, पूर्ण वर्णनासह: रंग तांबडा, उजवे शिंग मोडके, कपाळी चांद, सहादाती. मुली फक्त ‘मुलींचे’.

“नावं नाहीत, आजी. बैलाचं आहे सगळं.”

ती हसायला लागली. दात नसलेलं हसणं, सगळं अंग हलत होतं. “शिंगमोडा! बापा, थो तं लई मारका होता. मीच नेत जाओ त्याले नदीवर. दुसऱ्या कोनाले हात नाई लावू दे.”

आणि माझा हिशेब कोसळला.

कागद म्हणतो बैल ‘सावकाराचे दावणीस’ दिला, म्हणजे लग्नाच्या वेळीच घरातून गेला. मारक्या सहादाती बैलाला नदीवर तीन-चार वर्षांची पोर नेत नाही. दहा-बारा वर्षांची नेते. मग जन्म 1917 च्या आसपासचा, वय 107, आणि मानमोडीत गेलेली आई तिचीच. अक्षदांनी उठलेली धाकटी मग कोण? बारा वर्षांची पोरगीही रात्रीच्या लग्नात पेंगते. किंवा बैल बहिणीनं नेलेला आणि गोष्ट हिनं घेतलेली, जशी आई घेतली असेल. बहीण जाऊन चाळीस वर्षं झाली. तिच्या आठवणी वापरायला आता दुसरं कोणी नाही.

अहवालात मी लिहिलं: मतदार हयात, समक्ष भेटले, नोंदलेले वय 118 ग्राह्य वाटत नाही, अचूक जन्मतारखेचा पुरावा उपलब्ध नाही. दुरुस्तीसाठी फॉर्म 8 भरावा लागतो, त्याला जन्माचा पुरावा जोडावा लागतो. तारीख चुकीची आहे हे मला दाखवता येतं, बरोबर कोणती हे दाखवता येत नाही, म्हणून चुकीची तारीख कायम. ती अजूनही 1 जानेवारी 1906 आहे.

रात्री झोप येईना तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रोखा सावकाराकडे असायला हवा होता. तो आजीच्या पेटीत आहे आणि वरून बोटभर फाडलेला आहे. कर्ज फिटलं की सावकार रोखा असा फाडून परत करायचा. म्हणजे बैल परत आला. लग्न लागलं तरी पोर न्हाण येईपर्यंत माहेरीच असायची, म्हणजे परत आलेल्या बैलाला तिनं पुढेही नदीवर नेलं असेल. सगळं एवढ्यावर येऊन थांबतं: बैल परत कधी आला? फेडीची नोंद रोख्याच्या खालच्या कोपऱ्यात करतात. तो कोपरा कसरीनं खाल्लेला. नेमका तोच.

26 एप्रिलला मतदान होतं. घरून मतदानाचं पथक त्याच्या आठवडाभर आधी आलं: दोन मतदान अधिकारी, सूक्ष्म निरीक्षक, पोलीस, व्हिडिओवाला. घर दाखवायला बीएलओ लागते, तिच्यामागे मीही गेलो. माझी तिथे गरज नव्हती. ओसरीवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. अधिकारी 13-अ घोषणापत्र भरत होते, आजीचा अंगठा शाईत बुडवत होते. तेवढ्यात मी वाकून विचारलं, “आजी, शिंगमोडा परत आणला होता का बाबानं?”

“आनला तं. पैसे फेडून आनला.”

“किती दिवसांनी?”

“मी मोठी झाली तवा.”

मोठी म्हणजे केवढी, असं विचारणार होतो. मतदान अधिकाऱ्यानं मान वर केली. व्हिडिओ सुरू आहे, मतदाराशी बोलू नका, म्हणाला. नियमानं त्याचं बरोबर होतं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि खिशातल्या झेरॉक्सच्या मागे लिहून घेतलं: बैल परत, ‘मोठी झाली तवा’. फ्लेक्स अजून दारावरच होता. उन्हानं पुढाऱ्याचा रंग उडालाय, 118 चांगलं वाचता येतं.